बाप्तिस्म्याची बही आणि कन्हानचं पाणी: खेड्यातल्या एका मंडळीचा इतिहास लिहिताना

नागपूर जिल्ह्यात कन्हानच्या काठाजवळ एका खेड्यात जुनी बॅप्टिस्ट मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा संघ, आहे. तिचा इतिहास कागदावर आणायचं काम आम्ही चौघांनी दीड वर्ष केलं. मंडळीच्या सभेचा ठराव दोन ओळींचा होता: शताब्दी आली आहे, स्मरणिका काढावी. पहिल्याच बैठकीत गाडी अडली ती इथे, की शताब्दी नेमकी कशाची?

खेड्यातल्या कुठल्याही मंडळीला ‘स्थापना’ म्हणून निदान पाच तारखा सापडतात. सुवार्तिक (ख्रिस्ती प्रचारक) पहिल्यांदा गावात आला ती, पहिला बाप्तिस्मा झाला ती, सभासदांनी करार करून मंडळी स्थापली ती, इमारतीची कोनशिला बसली ती आणि ट्रस्टची नोंदणी झाली ती. पहिली आणि शेवटची यांच्यात कधीकधी दोन पिढ्या निघून गेलेल्या असतात. कोनशिला भिंतीत असते, रोज दिसते, म्हणून बहुतेक ठिकाणी तोच सन धरला जातो. ट्रस्टचा सन तर सगळ्यात फसवा. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा आहे, पण तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि त्या कायद्याखालच्या इथल्या नोंदण्या त्याच्याही नंतरच्या. मंडळी जुनी आणि ट्रस्ट तरुण, हे चित्र विदर्भात सर्रास दिसतं.

बॅप्टिस्टांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या शिकवणीतच आहे. इमारत म्हणजे मंडळी नव्हे, मिशनचं ठाणं म्हणजेही नव्हे. ज्यांनी स्वतःच्या तोंडानं साक्ष दिली आणि पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला, अशी माणसं एकमेकांशी करार करतात तेव्हा मंडळी उभी राहते. वर बिशप नाही, प्रेसबिटरी (अनेक मंडळ्यांवरचं ज्येष्ठांचं मंडळ) नाही. पाळक कोण, डीकन (पाळकाला मदत करणारा कारभारी) कोण, सभासद कोण, पैसा कुठे खर्चायचा, हे सभासदांची सभा मतानं ठरवते. म्हणून आम्ही सन धरला तो कराराचा.

तो करार ठराव बहीच्या पहिल्या पानावर आहे. आठ-नऊ ओळींचा मजकूर बालबोध (देवनागरी) लिपीत, सुवाच्य, मास्तरी वळणाचा. शाई काळ्याची तपकिरी झालेली. खाली नावं एकाखाली एक, आणि नावांपुढे सह्या थोड्या, अंगठे जास्त. प्रत्येक अंगठ्याशेजारी त्याच मास्तरी अक्षरात ‘निशाणी अमुकची’ असं लिहिलेलं. एका ठिकाणी अंगठा दोनदा उमटवलाय. पहिला फिसकटला म्हणून बाजूला पुन्हा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचा करार नीट उमटावा एवढी काळजी कुणीतरी घेतली, हे त्या डागावरून कळतं. मिशनच्या वार्षिक अहवालात या पानाविषयी अक्षर नाही. आमच्या मते मात्र मंडळीचा इतिहास इथून सुरू होतो.

मोठ्या नावांचा मोह

सुरुवातीच्या मसुद्यांत हमखास घुसतं ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचं नाव. नागपुरात ते स्वाभाविकच आहे. १८४५ मध्ये ते इथे आले, ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून वारले, आणि त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून उभं आहे. पण हिस्लॉप फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन. त्यांच्याकडे बालकांचा बाप्तिस्मा होता आणि कारभार वडिलांच्या, म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठांच्या, मंडळाकडे. बॅप्टिस्ट मंडळीच्या इतिहासाची पहिली ओळ त्यांच्यापासून सुरू करणं म्हणजे दुसऱ्याच्या वंशावळीत आपलं नाव लिहिणं.

दुसरं नाव विल्यम कॅरी यांचं. ते खरे बॅप्टिस्ट. १७९२ मध्ये इंग्लंडात केटरिंग इथे मिशनरी संस्था निघाली, १७९३ मध्ये ते बंगालात आले, १८०० पासून श्रीरामपूरला राहिले (हे हुगळीकाठचं श्रीरामपूर, आपल्याकडचं नव्हे). त्यांचं मराठी व्याकरण १८०५ चं आणि कोश १८१० चा, त्यामुळे मराठी वाचकाला त्यांच्याविषयी आपलेपणा वाटणं रास्तच आहे. तरी कन्हानकाठच्या खेड्याशी त्यांचा थेट धागा नाही. विदर्भात बॅप्टिस्टांचं नाव निघतं ते जास्त करून अचलपूर-चिखलदरा भागात, जिथे कोरकू लोकांतलं जुनं मिशन १९४० च्या दशकात अमेरिकन बॅप्टिस्टांच्या एका संस्थेकडे आलं. या सगळ्यांना मिळून आम्ही दीड पान दिलं आणि पुढे गेलो.

पेटी उघडल्यावर

कागद एका पत्र्याच्या पेटीत होते, व्यासपीठामागच्या खोलीत, जमिनीला टेकलेली पेटी. जमिनीला टेकलेल्या पेटीत खालच्या चार बोटांतला कागद वाळवीनं किंवा ओलीनं गेलेला असतो, हे धरूनच चालावं. वरून खाली उपसू नये. आधी पेटीचा वरून फोटो काढावा, मग एकेक वस्तू ज्या क्रमानं निघेल त्या क्रमानं नंबर द्यावा. नंबर पेन्सिलीनं, मऊ शिशाच्या, मागच्या मलपृष्ठाच्या आत कोपऱ्यात. बॉलपेन नाही, स्टिकर नाही. कुठल्या वहीत कुठली सुटी चिठ्ठी होती हे नोंदवलं नाही तर ती चिठ्ठी कायमची अनाथ होते. आमच्याकडे एक शिफारसपत्र (सभासद एका मंडळीतून दुसरीत जाताना देतात ते) कुठल्या सालातलं हे केवळ ते ज्या पानांत दडपलं होतं त्यावरून लागलं.

चिकटलेली पानं ओढून सोडवू नयेत. सावलीत, पंख्याखाली नव्हे, दोन-तीन दिवस ठेवली की बहुतेक आपोआप सुटतात. नागपूरच्या मे महिन्यात कागद इतका कोरडा होतो की घडीवर तुटतो. ऑगस्टमध्ये तोच कागद लवचीक असतो पण बुरशी धरतो. हाताळायला सगळ्यात बरा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय आवरावी लागते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणं आणि लॅमिनेशन करणं ही दोन कामं प्रेमापोटी होतात आणि कागद संपवतात. टेपचा गोंद पाच-सात वर्षांत पिवळा होऊन शाईत उतरतो. लॅमिनेशन तर परत काढताच येत नाही. पेटीतल्या एका विवाह प्रमाणपत्रावर अशीच टेपची पट्टी होती आणि नेमकं वधूच्या वडिलांचं नाव त्या पट्टीखाली गेलं होतं.

फोटो काढायला चांगला फोन पुरतो. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड डावीकडून, फोन स्टँडवर कागदाला समांतर, प्रत्येक फोटोत पट्टी ठेवलेली. एकानं पान उलटायचं, दुसऱ्यानं फोटो घ्यायचा. दीडशे पानांच्या वहीला साधारण दीड तास लागतो. कोरी पानंही घ्यायची, नाहीतर पुढे कुणी म्हणतं की मधली पानं तुम्हीच गाळली. फोटो-अल्बममधली जुनी छायाचित्रं मात्र स्कॅनरवर, ६०० डीपीआयला, आणि मागची बाजूसुद्धा. नावं मागच्या बाजूलाच असतात.

बाप्तिस्म्याची बही कशी वाचावी

यात सगळ्यात जास्त चुका होतात आणि सगळ्यात जास्त सापडतंही इथेच.

पहिली गोष्ट, बॅप्टिस्ट बहीतला बाप्तिस्म्याचा सन जन्माच्या सनाच्या जवळपासचा नसतो. अँग्लिकन किंवा प्रेस्बिटेरियन बहीत मूल काही महिन्यांचं असतानाच नोंद होते, तिथे बाप्तिस्म्यावरून जन्म काढता येतो. इथे माणूस चौदाचा असेल किंवा साठीचा. बाळांचं असतं ते समर्पण (पाण्याशिवाय, देवाला अर्पण करणं), आणि त्याची नोंद बहुधा वेगळ्या वहीत किंवा कुठेच नाही. त्यामुळे ‘आजोबांचा बाप्तिस्मा अमुक साली, म्हणजे जन्मही त्याच सुमाराला’ हा हिशेब चुकतो. बापाचा आणि मुलाचा बाप्तिस्मा एकाच दिवशी, मुलाचं नाव आधी, असंही आढळतं.

दुसरी गोष्ट वारांची. खेड्यातल्या मंडळीत बाप्तिस्मा जवळजवळ नेहमी रविवारी. म्हणून अक्षर लागत नसेल तर वार काढून पाहावा. जुन्या इंग्रजी हस्ताक्षरात 1 आणि 7 सारखे दिसतात. समजा नोंद ५ फेब्रुवारीची आहे आणि सन १९११ की १९१७ हे कळत नाही. १९११ मध्ये तो रविवार होता, १९१७ मध्ये सोमवार. निकाल लागला. ही कसोटी ओळखीच्या तारखांवरही लावून बघता येते: श्रीरामपूरचा पहिला बाप्तिस्मा, कृष्ण पाल यांचा, २८ डिसेंबर १८०० चा, तोही रविवारच.

काही वर्षांची बही अमेरिकन मिशनऱ्याच्या हातची होती, आणि ते महिना आधी, दिवस नंतर लिहितात. मधल्या चार पानांवर मंडळीच्या चिटणिसानं दिवस आधी लिहिलाय. बारापेक्षा मोठा आकडा असला तर प्रश्न नाही. नसला तर पुन्हा वार कामाला येतो. मात्र काही जोड्यांत वारही हात टेकतो. ९ मे आणि ५ सप्टेंबर, ११ जुलै आणि ७ नोव्हेंबर, १२ मार्च आणि ३ डिसेंबर, या जोड्या कुठल्याही वर्षी एकाच वारी पडतात. अशा वेळी हस्ताक्षर पाहायचं, मागची-पुढची नोंद पाहायची, आणि नदी पाहायची.

नदी ही तिसरी गोष्ट. प्रौढ माणसाला बुडवून बाप्तिस्मा द्यायचा तर कमरेइतकं, तीन-साडेतीन फूट, पाणी हवं. तळ घट्ट हवा, ओढ नको. कन्हान जुलै-ऑगस्टात चढलेली असते, कुणी पाळक सभासदांना त्यात उतरवत नाही. एप्रिल-मेमध्ये वाळूतून धार उरते. म्हणजे नदीतले बाप्तिस्मे ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, त्यातही धान आणि ज्वारी घरात आल्यावर. बही महिन्यांनुसार लावली तेव्हा हाच घोस दिसला. त्यात मे महिन्याच्या दोन नोंदी उपऱ्यासारख्या उठून दिसल्या. एक होती महिना-दिवसाची अदलाबदल. दुसरी खरीच मे महिन्यातली होती; समासात बारीक अक्षरात ‘हौद’ लिहिलेलं सापडलं. संत्र्याच्या बागेतल्या विहिरीवरच्या हौदात बाप्तिस्मा झाला होता. नंतर चर्चमध्येच व्यासपीठासमोर फरशीखाली टाकं बांधलं गेलं, वर सागाच्या फळ्या, आणि त्या वर्षापासून नोंदी बाराही महिन्यांत पसरतात. टाकं कधी बांधलं हे कुणाला आठवत नव्हतं. बहीनं ते एका वर्षाच्या फरकात सांगितलं.

ठराव बही, हिशेब आणि माणसं

ठराव बहीत सगळ्यात जास्त जागा व्यापतात त्या सभासदांच्या हालचाली: शिफारसपत्रानं आले, शिफारसपत्रानं गेले, शिस्तीखाली ठेवले, पुन्हा घेतले. शिस्तीच्या नोंदी वाचताना सांभाळावं. दारू, भांडण, दुसरं लग्न, अशा कारणांनी नाव कमी झालेल्यांची नातवंडं आज पहिल्या बाकावर बसतात. आम्ही त्या नोंदी छापल्या नाहीत, पण वर्षाला किती जणांना परत घेतलं हे छापलं. मंडळी तुटायची कमी आणि सांधायची जास्त, हे त्यातून दिसतं आणि ते खरंही आहे.

सभासदसंख्येचा घोळ प्रत्येक स्मरणिकेत असतो. मिशनच्या अहवालांत दोन आकडे येतात: सभासद आणि एकूण ख्रिस्ती समाज. बॅप्टिस्ट सभासद म्हणजे फक्त बाप्तिस्मा घेतलेले. मुलं त्यात नाहीत. समाज म्हणजे मुलाबाळांसकट, कधी चौकशीला येणारेही धरून. एका वर्षाचा पहिला आकडा आणि पुढच्या वर्षाचा दुसरा घेतला की मंडळी एका वर्षात तिप्पट झाली असं दिसतं. आमच्या आधी निघालेल्या एका पत्रकात नेमकं हेच झालं होतं आणि तीच वाढ मोठ्या अक्षरात छापली होती.

हिशेबाच्या वह्यांना तारखा नसतात, तरी त्या बोलतात. रुपये-आणे-पै असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, किंवा खेड्यात त्यानंतर दोन-चार वर्षांपर्यंतचं. २-८-० म्हणजे अडीच रुपये, ते २.८० म्हणून टाईप झालं की सगळी बेरीज बिघडते. दुकानाच्या छापील लेबलावर ‘सी. पी.’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) असेल तर वही १९५० च्या आधी छापलेली, ‘म. प्र.’ असेल तर १९५० ते १९५६ मधली. पावतीवर सहा आकडी पिनकोड असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरचीच. दशांश, म्हणजे मंडळीला दिलेला उत्पन्नाचा दहावा हिस्सा, धान्यात आला असेल तर पायली-कुडोचे किलो करू नयेत. मापं गावागणिक वेगळी होती. जसं लिहिलंय तसंच छापावं.

या वह्यांतच मिशनच्या अहवालांत न आलेली माणसं भेटतात. अहवाल मिशनरी लिहितो, तो स्वतःच्या दौऱ्याविषयी लिहितो, आणि ज्यानं वर्षभर गावात राहून शिकवलं त्याला ‘आमचा स्थानिक मदतनीस’ म्हणून मोकळा होतो. पगाराच्या खतावणीत मात्र त्या मदतनिसाचं नाव, महिन्याचा पगार, आणि अंगठा किंवा सही असते. बायबलबाईचंही, म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना बायबल सांगणाऱ्या बाईचंही, तसंच. तिचं नाव बहुतेक ठिकाणी ‘अमक्याची विधवा’ एवढंच. तिला शोधायची वाट विवाहाच्या नोंदवहीतून जाते, कारण १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या नमुन्यात वधूचं स्वतःचं नाव, वय आणि तिच्या बापाचं नाव यांना रकाने आहेत. मंडळीची नोंदवही गहाळ असेल तरी हरकत नाही. परवानाधारक पाळकाला प्रत्येक लग्नाची प्रत जन्म-मृत्यू-विवाहांच्या सरकारी महानिबंधकाकडे पाठवावी लागत असे, ती तिकडे मागता येते.

एकाच माणसाची तीन नावं असतात: बाप्तिस्म्याआधीचं, बाप्तिस्म्याचं आणि गावातलं हाक मारायचं. त्यात रोमन लिपीतलं स्पेलिंग दर पाच वर्षांनी बदलणारं. आम्ही प्रत्येक माणसाला एक क्रमांक दिला आणि नावं त्याखाली जमवत गेलो. ज्या दोन नावांचा माणूस एकच असल्याचा पुरावा नव्हता, ती दोन वेगळीच ठेवली. जोडणं सोपं असतं, पण चुकीचं जोडलेलं सोडवता सोडवता सगळी वंशावळ उसवते.

जमीन

चर्चची आणि दफनभूमीची जागा कशी मिळाली याचं उत्तर गावात एकच असतं: मालगुजारानं (गावाच्या जुन्या जमीनदारानं) दिली. बऱ्याचदा ते खरं असतं, आणि म्हणूनच खरेदीखत सापडत नाही. मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला संपली. त्याआधीच्या तोंडी दानाची खूण नंतरच्या नोंदीतच शोधावी लागते. विदर्भात त्यासाठी सर्वांत उपयोगी कागद म्हणजे १९५४-५५ चा अधिकार अभिलेख. त्यात त्या वेळचा ताबा दिसतो. त्याच्या मागे बंदोबस्ताचा खसरा (जुन्या मोजणीतली शेतांची यादी), पुढे फेरफार आणि सातबारा. दफनभूमीसाठी निस्तारपत्रक जरूर पाहावं. गावाच्या सामाईक उपयोगाच्या जागा त्यात लिहिलेल्या असतात आणि ख्रिस्ती दफनाची जागा कधीकधी केवळ तिथेच नोंदलेली आढळते.

नकलेचा अर्ज करताना आजचा गट नंबर देऊन भागत नाही. जुना खसरा नंबर आणि आजचा गट नंबर यांचा मेळ आधी लावून घ्यावा, नाहीतर शेजारच्या शेताची नक्कल हातात येते. आम्हाला एकदा तशी आली आणि दोन महिने त्यात गेले. जागा गाव आबादीत, म्हणजे गावठाणात, असेल तर सातबारा नसतोच, मिळकत पत्रिका मागावी. ट्रस्टच्या कागदांत विश्वस्त बदलले की बदल अर्ज दाखल झाला होता का, हे त्याच फेरीत पाहून घेतलेलं बरं. इतिहासाचं काम असलं तरी मंडळीला याचा उपयोग पुढे होतो.

दफनभूमीत दगड वाचायचे ते सकाळी सातला किंवा संध्याकाळी पाचनंतर, ऊन तिरपं असताना. दुपारी अक्षर सपाट होतं. दिवसा जमत नसेल तर रात्री बॅटरी बाजूनं धरावी. तारेचा ब्रश, खडू, ॲसिड यांतलं काही लावू नये. साधं पाणी आणि मऊ कुंचला बास.

आठवणी

म्हाताऱ्यांना ‘कोणत्या साली?’ असं विचारलं की ते आपल्याला बरं वाटावं म्हणून साल सांगतात. वस्तू विचारावी. छपराला कौलं होती की पत्रा? दिवा कंदिलाचा की पेट्रोमॅक्स? बाप्तिस्म्याला कपडे कुठे बदलले? सांगणारी बाई असेल तर मुलानं शेजारी बसू नये. तो मध्येच दुरुस्त करतो आणि ती गप्प होते. पाऊण तासाच्या वर बसू नये. दुसऱ्यांदा जावं, पहिलं सांगणं वाचून दाखवावं.

वर्षं मोठ्या घटनांना बांधलेली असतात. आजीच्या तोंडून आलेला ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणजे संवत १९५६, इसवी १८९९-१९००. ‘मानमोडी’ म्हणजे १९१८ ची साथ. १९७२ चा दुष्काळ तर अजून अनेकांच्या अंगावरचा. घटनेच्या आधी की नंतर, एवढं कळलं तरी पुष्कळ. आठवण आणि कागद यांत तफावत आली तर दोन्ही छापायचं आणि कोणतं कुठून आलं ते सांगायचं, असं आम्ही ठरवलं होतं. कागद नेहमीच खरा नसतो. चिटणीस सहा महिन्यांचे ठराव एका बैठकीत लिहून काढतो, हे शाई आणि निबेवरून ओळखू येतं.

१९७० चं पान

उत्तर भारतातल्या सहा मंडळ्यांच्या परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते २९ नोव्हेंबर १९७० ला, रविवारी, आणि तेही नागपुरातच. त्या सहांत बॅप्टिस्ट मंडळ्यांची उत्तर भारतीय परिषदही होती. त्यामुळे नागपूरजवळच्या कुठल्याही बॅप्टिस्ट मंडळीबद्दल पहिला प्रश्न हाच येतो: तुम्ही त्यात गेलात की बाहेर राहिलात? प्रत्येक मंडळीचं उत्तर तिच्याच ठराव बहीत असतं, वरच्या संस्थेच्या यादीत नव्हे. या मंडळीनं बाहेर राहायचं ठरवलं. ठरावात कारण दिलेलं नाही, फक्त निर्णय आहे. पण त्याआधीच्या चार बैठकांत बालकांच्या बाप्तिस्म्यावर चर्चा झाल्याचं लिहिलंय, आणि एकीकरणात बालकांचा आणि प्रौढांचा, दोन्ही पद्धती मान्य केलेल्या होत्या. आम्ही एवढंच लिहिलं. कोण कुठल्या बाजूनं बोललं हे गावाला तोंडपाठ आहे. ते गावाकडेच राहू दिलं.

काय छापलं नाही

नावं छापण्याचा प्रश्न आम्हाला सगळ्यात जड गेला. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात सुरुवातीला जवळजवळ फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये सगळे शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती त्यात नाहीत. अनुसूचित जमातींना ही अट नाही. म्हणजे बाप्तिस्म्याच्या बहीतलं एक पान छापलं तर आज जिवंत असलेल्या एखाद्या घराचा जातीचा दाखला, नोकरी, शिक्षण यांवर त्याची छाया पडू शकते. हे सभेत उघड बोलायला कुणी तयार नसतं आणि इतिहास लिहिणाऱ्याला सुचतही नाही. आमचा नियम असा: कराराच्या पानावरची नावं घरच्यांच्या लेखी संमतीनं, त्यानंतरच्या बाप्तिस्म्यांचे फक्त वर्षवार आकडे, जात कुठेही नाही, मूळ बहीत असली तरी. ज्या घरांनी संमती दिली नाही त्यांच्या जागी रिकामी ओळ ठेवली, वगळली नाही. या लेखात गावाचं नाव नाही तेही याच कारणानं.

छपाई आणि वाचन

पुस्तक डेमी आकाराचं, सोळा पानी फॉर्मच्या हिशेबानं ९६ पानांचं केलं. मजकूर १०१ पानांचा झाला तर सोळा पानांचा आणखी एक फॉर्म लागतो आणि अकरा पानं कोरी जातात, म्हणून आधीच कापायला बसावं. जुन्या स्मरणिकेचा मजकूर प्रेसकडे श्री-लिपी या जुन्या फॉन्टमध्ये होता. युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं आणि रफार घसरतात, ‘कार्य’चं भलतंच काही होतं. मुद्रितं संगणकावर नव्हे, कागदावर तपासावीत, आणि नावांची यादी दोघांनी, एकानं मोठ्यानं वाचून.

छापण्याआधी सगळा मसुदा तीन रविवार उपासनेनंतर मंडळीत वाचून दाखवला. बॅप्टिस्ट मंडळीत निर्णय सभेचा, तर इतिहासही सभेपुढे यायलाच हवा होता. बेचाळीस दुरुस्त्या आल्या. निम्म्याहून जास्त नात्यांच्या होत्या: ही त्याची बहीण नव्हे, भावजय. तीन ठिकाणी कागदाला धरून राहायचं ठरलं आणि आठवण तळटीपेत गेली.

मूळ बह्या आता लोखंडी कपाटात आहेत, विटांवर ठेवून जमिनीपासून वीतभर उंच. डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत, कागदाला न लागतील अशा. फोटोंच्या तीन प्रती तीन वेगळ्या घरांत. आणि चिटणिसांनी बाप्तिस्म्याची नवी बही आखून घेतली आहे. तारीख अंकी आणि अक्षरी, वार, पाणी कुठलं, बाप्तिस्मा कुणी दिला, जन्मतारीख, वडिलांचं नाव, आईचं माहेरच्या नावासकट पूर्ण नाव, असे रकाने आहेत. आईच्या नावाचा रकाना सगळ्यात रुंद ठेवला आहे.